खाडीतलं रॉकेल

२० फेब्रुवारी १९८९, सोमवार

आज प्लँट चालला. सकाळी प्लेटिंगवाल्यांच्या टँकरमधून पाणी आलं ते हळद कालवल्यासारखं पिवळंधमक, आणि दुपारी खालच्या नळातून बाहेर पडलं ते काचेसारखं नितळ. मी त्याची क्रोमियमची टेस्ट केली. रसायन घातल्यावर क्रोमियम असेल तर पाणी जांभळं होतं. झालं नाही. पुन्हा केली, तरी झालं नाही. पायस सर शेजारीच उभे होते. ते आमच्या कारखानदारांच्या असोसिएशनचे अध्यक्ष, स्वतःचा नळांना क्रोम चढवायचा कारखाना आहे. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उत्तरा, डोंबिवलीत आपण हे पहिल्यांदा केलं."

आपण म्हणाले. पण डोकं माझं आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

जेवताना आईंनी (सासूबाईंनी) विचारलं, "म्हणजे तुम्ही पाणी गाळता का?" गाळत नाही, म्हटलं. क्रोमियम पाण्यात विरघळलेलं असतं, ते फडक्यात अडकत नाही. म्हणून रॉकेलमध्ये एक औषध घालायचं. त्या औषधाला क्रोमियमची ओढ असते. ते रॉकेल पिवळ्या पाण्यात घुसळायचं, की क्रोमियम पाणी सोडून तेलात जातं. मग दुसऱ्या टाकीत दोन्ही निवळू द्यायचं. तेल वर, पाणी खाली. पाणी नाल्यात सोडायचं आणि तेल धुऊन पुन्हा वापरायचं.

"ताकासारखंच की," आई म्हणाल्या. "लोणी वर, ताक खाली. पण ताकात थोडं लोणी राहतंच हो."

मी हसले. ह्यांनाही हसू आलं. किती दिवसांनी तिघं एकत्र हसलो.

९ मार्च

आणखी कारखाने जोडले गेले. ज्यांना आधी हे थोतांड वाटत होतं तेच आता टँकर घेऊन रांगेत उभे. पंपाचा वेग वाढवावा लागला. पोपट (माझा ऑपरेटर) म्हणाला, "मॅडम, निवळण टाकीत पाणी टिकतच नाही आता, आलं की गेलं." मी टेस्ट करून पाहिली. क्रोमियम नाही. म्हणजे ठीक आहे.

हे म्हणतात माझ्या केसांना रॉकेलचा वास येतो. आईंनी माझ्या साड्या वेगळ्या भिजवायला काढल्या आहेत. मला तर काहीच येत नाही वास. पहिल्या आठवड्यात यायचा, डोकं दुखायचं. आता सवय झाली.

२७ मार्च

वरच्या टाकीतलं रॉकेल कमी होतंय. पुन्हा एक पिंप ओतलं. उन्हाळा आहे, शेडवर पत्रा आहे, उडून जात असणार. पायस सरांना सांगितलं, टाकीला झाकण करून द्या. बघतो म्हणाले.

१६ एप्रिल, रविवार

आज एक लाजिरवाणा प्रकार झाला. मनुबाई आमच्याकडे मासळी घेऊन येते ती मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. खाडीवरच्या कोळीवाड्यातली. आम्ही कायस्थ, रविवारी मासळी नसली तर ह्यांना जेवण जात नाही. तिने आज बोईट आणि कोळंबी आणली होती. आईंनी एक बोईट उचलून नाकाशी धरला आणि परत टोपलीत टाकला.

"मनुबाई, हे काय गं? रॉकेल मारतंय."

"पाटंची मासली हाय गो आये. कल्ले बघ, कशे लाल हायेत."

मी मासा हातात घेतला. मला वास आला नाही. पण आईंचं नाक कधी चुकत नाही आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या मंजुळाताईही दारात येऊन म्हणाल्या, "मागच्या खेपेलाही येत होता, मी बोलले नाही." मग मी म्हटलं, "मनुबाई, माल शिळा झाला की टिकवायला काही लावता का तुम्ही लोक? इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक आहे, असं करायचं?"

जिन्यावर दोन-तीन बायका उभ्या होत्या. मनुबाईने कोळंबीवर ओलं फडकं ओढलं, टोपली डोक्यावर घेतली आणि उतरली. वर चढताना ती नेहमी बडबडत चढते. उतरताना आज फक्त बांगड्या वाजत होत्या.

बोलायला नको होतं, असं आता वाटतंय. पण वास येत होता तर कोणीतरी बोलायलाच हवं.

२३ एप्रिल

रविवार. मनुबाई आली नाही. अंड्याची आमटी केली.

५ मे, शुक्रवार

खाडीवरचे कोळी असोसिएशनच्या ऑफिसात आले होते. पंधरा-वीस माणसं, दारात चपला काढून. एका बादलीत मासे. त्यांचे पुढारी दामाजी पाटील म्हणून म्हातारे आहेत. म्हणाले, "दोन महिने झाले, मासलीला वास मारतंय. बाजारान कोन हात लावत नाय. तुमच्या नाल्यान काय सोरतंय, सांगा."

पायस सरांनी मला बोलावून घेतलं. "आमच्या केमिस्ट मॅडम आहेत, त्यांनाच विचारा. मॅडम, आपल्या पाण्यात काही सापडलंय का?"

मी म्हटलं, "क्रोमियम मर्यादेच्या आत आहे. रोज तपासते." हे खरं आहे. अगदी खरं आहे.

मग एक कारखानदार म्हणाला, "अहो, तुमच्याच होड्यांना आता इंजिनं आलीत. रॉकेलवर चालतात ना? मग वास कसला येणार?" सगळे वळून एका तरुण माणसाकडे बघायला लागले. तो मनुबाईचा मुलगा, गुणाजी. मी त्याला लहानपणी टोपलीच्या मागे येताना पाहिलेलं, एकदम ओळखलं नाही. गावात पहिलं आणि अजून तरी एकमेव इंजिन त्यानेच बसवलंय म्हणे, दिवाळीत.

दामाजी मला म्हणाले, "बाय, तू शिकलेली हायस. इंजिनाचे रॉकेलना असा होल काय?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. पायस सरही. मी म्हटलं, "होऊ शकतं."

गुणाजी काहीतरी बोलायला उठला होता, तो खाली बसला.

६ मे

"होऊ शकतं" हे खोटं नाही. इंजिनातून रॉकेल गळतंच.

७ मे

एका होडीचं रॉकेल एवढ्या खाडीला पुरेल का? भरती-ओहोटी आहे. हिशेब करायला बसले आणि कागद बाजूला ठेवला. तो काही माझा विषय नाही.

२१ मे, रविवार

मनुबाई आली. टोपली नव्हती. दारातच उभी राहिली. आईंनी आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच बसली.

गावाने गुणाजीचं इंजिन उतरवलं. नुसतं उतरवलं नाही, त्याने जाळं टाकायचंच नाही असं ठरलं, खाडी साफ होईपर्यंत. त्याच्या बायकोला पाण्याच्या नळावर बोलणी बसतात. "गावाचा पोट मारला, असा बोलतान," मनुबाई म्हणाली. "बाय, तुमचे कंपनीन कायतरी काम बघ त्याला. कंचा बी चालंल. तो घरान नुसता भितीकरं तोंड करून बसतंय."

जिन्यावर मी तिला काय बोलले होते त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मला एकदम हलकं वाटलं. मी लगेच म्हटलं, "उद्याच पायस सरांशी बोलते. माझ्याच प्लँटवर लावून घेते." तिने माझे हात धरले. तिचे हात खरखरीत आहेत.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "चांगलं केलंस." मलाही वाटतंय, चांगलं केलं.

२९ मे, सोमवार

गुणाजीचा पहिला दिवस. पिंपं हलवायची, टाक्या धुवायच्या, बाहेरच्या चौकोनी खड्ड्यातला गाळ काढायचा. मी त्याला सगळं फिरून दाखवलं. जिथून स्वच्छ पाणी नाल्यात पडतं तिथे मी जरा अभिमानानेच थांबले. म्हटलं, "बघ, आत येताना किती पिवळं होतं, आणि हे बघ."

तो वाकला. ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं. बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"मॅडम, ह्योच वास."

"इथे सगळीकडेच वास असतो," मी म्हटलं. "पिंपं आहेत ना रॉकेलची."

"नाय. पिंपाचा येगला. ह्यो मासलीचा हाय." मग पाणी सोडून दिलं, हात पँटला पुसले आणि गाळ काढायला गेला. दिवसभर मी ऑफिसातून त्याची पाठ बघत होते.

३० मे

काल संध्याकाळी निघताना बाहेरच्या पाण्याने मोठं काचेचं भांडं भरून टेबलावर ठेवलं. आज सकाळी बघितलं तर वर तेलाचा थर. खिडकीतून ऊन आलं तसे त्यावर रंग फिरले.

पाण्यात इतके बारीक थेंब होते की डोळ्याला दिसत नव्हते. पंप जोरात, निवळायला वेळ नाही, थेंब पाण्याबरोबरच बाहेर. आणि नुसतं रॉकेल नाही, त्यातलं औषधही. ते माशांना फार वाईट. पुस्तकात आहे. मी एम.एस्सी.ला वाचलेलं आहे.

मी फेब्रुवारीपासून रोज टेस्ट केली. रोज एकच. जे शोधत होते ते सापडत नाही म्हणून खूश होत होते. पिंपामागून पिंप ओतत होते आणि म्हणत होते, उडून जातंय.

भांडं तसंच झाकून ठेवलं आहे.

२ जून

पायस सरांना भांडं दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. ते वाईट माणूस नाहीत. ठाण्याला त्यांच्या घरीही खाडीचीच मासळी जाते, बिट्रिसबाई (त्यांची बायको) चिंबोरीचं सुकं करतात, मी खाल्लंय. म्हणाले, "उपाय काय?"

"पंप निम्म्यावर आणायचा. दुसरी निवळण टाकी बांधायची. शेवटी कोळशाच्या थरातून पाणी सोडायचं."

"निम्म्यावर आणला तर बाकीचं पाणी कुठे ठेवायचं?"

मी भांड्यावर झाकण ठेवलं.

"चौदा तारखेला प्रदूषण बोर्डाचे मोठे साहेब येतायत प्लँट बघायला. तेवढं होऊ दे. मग मी स्वतः टाकीचा विषय काढतो. उत्तरा, आत्ता बोललीस तर प्लँटच बंद पडेल. मग सगळं पिवळं पाणी सरळ नाल्यात. ते हवंय का तुला?"

नको होतं. ह्यात काय चुकीचं बोलले ते? मी हो म्हटलं.

गुणाजीला सांगू का, असा विचार आला. सांगून काय उपयोग, असाही.

१४ जून

मला शाल आणि श्रीफळ मिळालं. फोटो निघाला. टेबलावर दोन ग्लास ठेवले होते, एक पिवळा आणि एक नितळ. नितळ ग्लास भरून आणायचं काम कोणीतरी गुणाजीलाच सांगितलं. तो नवा शर्ट घालून आला होता, मनुबाईने घालायला लावला असणार. त्याने ग्लास माझ्या समोर ठेवला. पाहुण्यांनी हसत विचारलं, "मॅडम, हे प्यायला चालेल का?"

"प्यायला नाही सर. नाल्यात सोडायला."

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. गुणाजी टेबलाच्या कडेला उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. राग असता तरी चाललं असतं. त्याच्या नजरेत मला सांभाळून घेतल्याचा भाव होता. जसा मोठा भाऊ बहिणीचं खोटं ऐकून घेतो.

शाल कपाटात टाकली आहे. आई म्हणाल्या, दाखव तरी. डोकं दुखतंय म्हटलं.

२५ जून, रविवार

पाऊस. मनुबाई सोडे घेऊन आली. वाळवलेली कोळंबी, मोठी, सोललेली, वर्तमानपत्रात बांधून. "ह्ये माघातले हायेत, खारीला वास यायच्या आदीचे. पोराला काम दिला तू, म्हनून." आईंनी तिला चहा दिला. आज ती आत आली, जमिनीवर बसली.

मी म्हटलं, "गुणाजी कसा आहे?"

"बरा हाय." मग चहा संपवून, कप विसळून पालथा घालून म्हणाली, "त्याचे कपडे मी धुतंय ना बाय."

मी तो कप उचलून पुसायला घेतला.

"पयल्याच दिशी समजला मना. मासलीचा वास. मी त्याला इचारला, तुजे कंपनीचा पानी हाय का रे? तो बोलला, आये, बाईंचा नाव गावान घेवाचा नाय. त्यांनी आपल्याला भाकर दिली."

आई माझ्याकडे बघत होत्या. मी सोड्यांच्या पुडीची दोरी सोडत होते, बांधत होते.

"मी नाव घेनार नाय," मनुबाई उठत म्हणाली. "पन त्याचे पोरीला शालेन चिरवतान, तुजे बापाना खारी घान केली म्हनून. ती आठ वर्षांची हाय." मग आईंना "येतंय गो आये" म्हणाली आणि गेली.

आईंनी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "उत्तरा, तू त्या दिवशी तिला जिन्यात काय काय बोललीस गं." आणि पुडी उचलून आत घेऊन गेल्या.

ती आम्हाला द्यायला आली आणि मी घेतलं. मी तिच्याकडून सोडे घेतले.

२ जुलै, रविवार

कोळीवाड्यात जाऊन आले. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं. गावदेवीच्या देवळात माणसं बसली होती. मला खुर्ची दिली. उभ्यानेच सांगितलं. वास आमच्या प्लँटचा आहे. इंजिनाचा नाही. मला तीस मेला कळलं. मी एक महिना गप्प बसले. पाच मेला मी जे बोलले ते तपास न करता बोलले.

आवाज फार बारीक निघत होता. कोणी ओरडेल असं वाटलं होतं, पण कोणी ओरडलं नाही. दामाजी पाटील मान खाली घालून बसले. इंजिन उतरवायला तेच पुढे होते. गुणाजी खांबाला टेकून उभा होता. बायकांमधून कोणीतरी म्हणालं, "पोराचा इंजिन आता कोन देल?" इंजिन गेलंय. त्याने ते अलिबागकडच्या कोणाला विकून टाकलं मे महिन्यातच.

निघताना गुणाजी बांधापर्यंत सोडायला आला. चिखल होता, पुढे चालत वाट दाखवत होता. मागे न बघताच म्हणाला, "मॅडम, त्या दिशी तुमी माहीत नाय बोलला असतात तरी चालला असता. आमी मानला असता."

मी त्याच्या पावलांच्या खुणांवर पाय टाकत चालत राहिले.

६ जुलै

कोळीवाड्यातली माणसं प्रदूषण बोर्डाच्या ऑफिसवर गेली होती. दुपारपर्यंत असोसिएशनने प्लँट बंद केला. एवढ्या चटकन दुसरं कुठलंच काम झालेलं मी पाहिलं नाही. नोटीस बोर्डावर लिहिलंय, "ग्रामस्थांच्या मागणीवरून." पायस सर म्हणाले, "तुझ्या मनासारखं झालं." टोमणा नव्हता. थकलेले दिसले. "बाकीच्या कारखानदारांना नवीन टाकीचं विचारलं मी. कोणी वर मानसुद्धा केली नाही. उलट खर्चातून सुटलो म्हणाले."

गुणाजी आणि पोपट दोघांचं काम गेलं.

पण मन मात्र हलकं आहे. बऱ्याच दिवसांनी झोप लागेल असं वाटतं.

२० ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमा झाली, खाडीत पुन्हा जाळी पडली. गुणाजीला गावाने वल्ह्याच्या होडीवर परत घेतलं. आज सकाळी जिन्यावर बडबड ऐकू आली आणि आई धावतच दाराशी गेल्या. मनुबाई! टोपलीत जिताडा, बोईट, चिंबोऱ्या.

"बघ, वास घे! घे ना! हाय काय?" तिने बोईट माझ्या नाकाशीच धरला. माझं नाक आता परत आलंय. खाडीचा, मिठाचा, चिखलाचा वास. रॉकेल अजिबात नाही. "तू सांगलास म्हनून झाला बाय. देवी तुजा भला करो." तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

आईंनी जिताडा पसंत केला. मंजुळाताईंनी कोळंबी घेतली. आणि मी त्या माशाकडे बघत उभी होते.

सहा जुलैपासून पिवळं पाणी सरळ नाल्यात जातंय. सगळं. मला ठाऊक होतं. रोज औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसात जाते, नाल्यावरून चालत जाते, पिवळं दिसतं. पण कबुली दिली होती ना मी. माझं झालं होतं. देवळात मी फक्त रॉकेलबद्दल बोलले, कारण शरम रॉकेलची वाटत होती. प्लँट कशासाठी उभा केला होता हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. त्याच्या आधी वर्षानुवर्षं काय वाहत होतं, तेही नाही.

"मनुबाई, खाली बसा जरा," मी म्हटलं. आणि सांगितलं. क्रोमियम काय असतं. त्याला वास नसतो, चव नसते. पोटात गेलं तर काय करू शकतं. माशात किती उतरतं हे मला माहीत नाही, कोणी तपासलेलंच नाही.

ती पायरीवर बसली. आधी तिला वाटलं मी पुन्हा मासा परत करतेय. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"आदीपासून?"

"हो."

"मंजे ह्या आयेला मी आतापातूर..." ती आईंकडे बघायला लागली. मग मंजुळाताईंच्या बंद दाराकडे. "तिची सून पोटुशी व्हती तवा मी तिला रोज खारीच्या निवट्या आनून दिल्या. दूद येतं म्हनून."

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ज्याची शरम मला वाटायला हवी होती ती तिला वाटत होती. तिने पदर तोंडावर ओढला. मी म्हणत राहिले, मनुबाई, तुमची काय चूक, तुम्हाला काय माहीत. ती ऐकतच नव्हती. "मी जहर इकला काय गो," एवढंच पुन्हा पुन्हा.

मग उठली, मंजुळाताईंचं दार वाजवलं आणि कोळंबी परत मागितली. मंजुळाताई घासाघीस समजून भांडायला लागल्या. मनुबाईला कारण सांगता येईना. मी मागे उभी होते. एप्रिलमध्ये ह्याच जिन्यात माझा आवाज केवढा मोठा निघाला होता. आज तो काढायला मला वेळ लागला.

"ताई, चूक तिची नाही," मी म्हटलं. "आमच्या कारखान्यांची आहे. माझीही आहे. मी सांगते." सगळं सांगितलं. त्यांच्या कडेवर नात होती, त्यांनी तिला छातीशी धरलं आणि मला म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला लबाड ठरवलंत."

वरच्या मजल्यावरही गेलो, दोघी.

२७ ऑगस्ट

गुणाजीने होडीतून नाल्याच्या तोंडाशी नेलं. मी चार बाटल्या भरल्या. देवळाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर टेस्ट केली. वरच्या अंगाच्या खाडीचं पाणी होतं तसंच राहिलं. नाल्याच्या तोंडाचं गडद जांभळं झालं. पोरं पुढे सरकून म्हणाली, "कवरा भारी रंग!" दामाजी पाटील बाटली हातात धरून बसले. शेवटी म्हणाले, "वास गेला म्हनून आमी देवीला नारल फोरला."

कोणीतरी विचारलं, मग मशीन बंद का करायला लावलंत? गुणाजीच म्हणाला, "बंद नको व्हता. नीट पायजे व्हता."

१० ऑक्टोबर

महिनाभर चपला झिजवल्या. कधी मी आणि दामाजी, कधी मनुबाई आणि तिच्याबरोबरच्या बायका टोपल्या घेऊन असोसिएशनच्या दारात. टोपल्या रिकाम्या. बायका नुसत्या बसून राहायच्या. पायस सरांनी शेवटी स्वतःच्या आवारातली जागा दुसऱ्या टाकीला दिली. त्यांच्या बिट्रिसबाईंनी घरात खाडीची मासळी आणणं बंद केलंय, असं ते मला खिडकीबाहेर बघत म्हणाले.

प्लँट सुरू झाला. निम्म्या वेगाने. शेवटी कोळसा. पोपट परत आला. गुणाजीला विचारलं, तो नको म्हणाला. होडीवरच राहतो म्हणाला, आणि मग माझी समजूत घातल्यासारखं, "राग नाय मॅडम."

निम्मं पाणी स्वच्छ होतं. बाकीचं निम्मं कुठे जातं ते मला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.

५ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. मनुबाई आली. हल्ली ती पहाटेच्या गाडीने भाऊच्या धक्क्याला जाते आणि तिथला माल आणते. गुडघे दुखतात, जिन्यावर दोनदा थांबते. समुद्राची मासळी लांबची, तिला त्यात सुख नाही. खाडीची मासळी ती नावाने ओळखायची, कुठल्या वळणावर कोणी धरली ते सांगायची.

पैसे कनवटीला लावताना म्हणाली, "बाय, मशीन चालू हाय ना आता?"

"आहे. निम्मं."

"मंग खारीची कवा आनू?"

आई आत भांडी लावत होत्या, त्यांचा आवाज थांबला. मला म्हणता आलं असतं, वर्षभरात. म्हणता आलं असतं, लवकरच, आम्ही आणखी एक टाकी मागितली आहे. तिला तेच ऐकायचं होतं.

"माहीत नाही, मनुबाई."

तिने पैशाची कनवट घट्ट केली. मग मान हलवली.

"बरा," म्हणाली. "बोंबील अजून घे दोन. ताजे हायेत."

मी घेतले.